औषधविद्यार्थ्याची सिद्धता : मोजमापाचा इतिहास

औषधशास्त्राचा विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्णापुढे उभा राहण्यास योग्य झाला किंवा नाही, हे कशावरून ठरवावे, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे दीर्घकाळ काळाच्या मापानेच दिले गेले. १९४८ च्या फार्मसी कायद्याने पहिली नोंदवही सिद्ध करताना पदवी व पदविकाधारकांच्या जोडीस, पाच वर्षे औषधे तयार करण्याचे काम केलेल्या कंपाउंडरांनाही स्थान दिले. ही तडजोड अपरिहार्यच होती. कर्नल चोप्रा यांच्या समितीने शिक्षित औषधव्यावसायिकांची उणीव १९३१ मध्येच दाखविली होती. परंतु काशी हिंदू विश्वविद्यालयात प्रा. महादेव लाल श्रॉफ यांनी १९३२ मध्ये आरंभिलेल्या शिक्षणातून बाहेर पडणारे पदवीधर देशाच्या मानाने मूठभरच होते.

तडजोड संपली, माप मात्र टिकले. वर्षांच्या जागी तास आले, एवढेच. १९९१ च्या शिक्षण विनियमांनी पदविकेसाठी किमान तीन महिन्यांत पाचशे तासांचे प्रशिक्षण सांगितले व त्यांपैकी अडीचशे तास चिठ्ठीबरहुकूम औषधे देण्यात जावेत, असे ठरविले. हे प्रशिक्षण परवानाधारक औषधाच्या दुकानातही चालते. रोह्याजवळील खांबसारख्या महामार्गावरच्या गावी डॉक्टरांच्या चिठ्ठीतील चूक रुग्णाच्या पोटात जाण्यापूर्वी ती पाहणारा शेवटचा माणूस दुकानातलाच असतो. तो किती तास उभा होता, यावरून त्याला मात्रेतील चूक दिसेल किंवा नाही, हे कळत नाही.

२००८ च्या फार्म. डी. विनियमांत निराळी दृष्टी दिसते. किमान तीनशे खाटांच्या रुग्णालयाची अट, पाचव्या वर्षी दररोज सकाळी वॉर्डातील फेरी, आणि नंतरच वर्षभराची इंटर्नशिप, असा हा क्रम आहे. इंटर्नचे ज्ञान, कौशल्य, जबाबदारी, सहकार्याची वृत्ती यांना शून्य ते पाच गुण. कोणत्याही बाबतीत तीनांपेक्षा कमी म्हणजे काम असमाधानकारक. तथापि हा निवाडाही इंटर्नशिपच्या अखेरीचा. वॉर्डाच्या दारातला नव्हे. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये डंडी येथे मांडलेली, विद्यार्थ्यास एका टेबलावरून दुसऱ्याकडे नेत ठराविक कृती करावयास लावणारी परीक्षा अशा दारातल्या निवाड्यास सोयीची होती. आपल्या नियमकर्त्यांनी मात्र पदविकाधारकांसाठी २०२२ मध्ये बहुपर्यायी प्रश्नांची निर्गम परीक्षा योजिली. ती पदविकेनंतरची, नोंदणीपूर्वीची. म्हणजे त्या अडीचशे तासांतील औषधे तोवर रुग्णांच्या हाती गेलेली असतात.