तानाजी: बखर, पोवाडा आणि कादंबरी

खडकवासल्याच्या जलाशयापलीकडे दिसणाऱ्या सिंहगडावर ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री गड जिंकताना शिवाजीराजांचे सरदार तानाजी मालुसरे पडले. त्या एका रात्रीवर तीन वेगळ्या वाङ्मयप्रकारांनी हात चालवला.

सभासदाची बखर शिवकाळाला सर्वांत जवळची. ती जिंजीला राजारामांसाठी लिहिली गेली. तिची वाक्ये तुटक, हिशेबी. कडा चढणाऱ्या मावळ्यांना ती वानरांची उपमा देते आणि पुढे सरकते. कडा चढायला वापरल्याचे सांगतात त्या लोककथेतल्या घोरपडीचा तिथे पत्ता नाही.

शाहीर तुळशीदासाचा पोवाडा ऐकणाऱ्यांसाठी रचलेला. म्हणून त्यात पुनरुक्ती आहे, संवाद आहेत, जिजाबाई आणि शिवाजीराजे यांच्यातला सोंगट्यांचा डाव आहे. राजकारणातला गड इथे आईचा हट्ट होतो; पोवाड्याची खरी ताकद याच घरगुतीपणात आहे. हॅरी आर्बथनॉट ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाडे छापले, तेव्हा तोंडी चालत आलेल्या या रचना अभ्यासकांना शब्दशः तपासता येऊ लागल्या.

१९०३ च्या सुमारास हरि नारायण आपट्यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी लिहिली. त्यांनी कमलकुमारी या रजपूत स्त्रीचे कथानक जोडून लढाईला अब्रूरक्षणाचा नवा आशय दिला. तानाजींच्या मृत्यूमुळे गडाला ‘सिंहगड’ नाव पडले ही शीर्षकातली दंतकथा मात्र टिकत नाही: १६६३ च्या शिवाजीराजांच्या पत्रात ‘सिंहगड’ हे नाव आधीच आहे. तरी लोकमानसात कादंबरीच जिंकली. बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला, तोही तिच्यावरूनच.