मेजर गिल यांची नोंद तपासताना

ज्ञानकोश म्हटला की आमच्यासारख्या शिक्षकांच्या डोळ्यांपुढे शाळेच्या कपाटातील डॉ. केतकरांचे २३ खंड उभे राहतात. तेही एकट्याच्या हातचे नव्हेत. केतकरांनी त्यासाठी पुष्कळ मंडळी जमविली होती. परंतु शेवटचा शब्द संपादकाचा असे, आणि चूक निघाली तर जाब कोणास विचारावा हे वाचकास ठाऊक असे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाची रीत निराळी आहे. तेथे कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे. प्रत्येक फेरफार ‘इतिहास’ या पानावर राहतो, वादासाठी ‘चर्चा’ हे पान असते, आणि ज्या विधानास आधार दिसत नाही त्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण करता येते. उत्तरपत्रिकांच्या समासात आम्ही जन्मभर निराळे काय लिहिले?

या कामाची ओळख एका उदाहरणाने करून देतो. आमचे गाव देवगाव रंगारी. त्या गावच्या माणसाने चित्रकाराविषयी बोलावे हे नावाला शोभेलच. चित्रकार आहेत मेजर रॉबर्ट गिल. मद्रासच्या फौजेतील या अधिकाऱ्यास ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्यास नेमले. अजिंठे गावच्या बारादरीत राहून सुमारे वीस वर्षे त्यांनी मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत या प्रती उतरविल्या. अशा माणसाची नोंद तपासावयाची झाल्यास आरंभ कोठून करावा?

आरंभ सनांपासून करावा. गिल यांचे जन्मवर्ष १८२४ असे कोठे कोठे छापलेले आढळते. मग १८४४ साली ते अवघे वीस वर्षांचे ठरतात. पण तेव्हा ते कॅप्टन होते. कंपनीच्या फौजेत बढती ज्येष्ठतेने मिळे, विसाव्या वर्षी कॅप्टन होणे जवळजवळ अशक्यच. खरे साल १८०४. केवळ वजाबाकी येत असली तरी एवढी शंका घेता येते.

यानंतर ‘शोध’ हा शब्द. काही उत्साही लेखक लेण्यांच्या शोधाचे श्रेय गिल यांनाच देऊन टाकतात. वस्तुतः जॉन स्मिथ हा लष्करी अधिकारी २८ एप्रिल १८१९ रोजी तेथे पोहोचला आणि दहाव्या लेण्यात आपले नाव कोरून आला. पण त्याच्यासही शोधक कसे म्हणावे? लेण्यांच्या शेजारच्या गावाचे नावच लेणापूर! युरोपीयांस लेण्यांची ओळख झाली, इतकेच लिहिणे रास्त.

खरा घोटाळा होतो तो आगींचा. गिल यांच्या प्रती लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. ३० डिसेंबर १८६६ रोजी तेथे आग लागली व त्यांतील बहुतेक सर्व प्रती जळाल्या. पुढे १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह नव्याने प्रती केल्या; त्यांपैकी पुष्कळ प्रती १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. तिसरी आग १९३६ ची. तिच्यात क्रिस्टल पॅलेस पुरा भस्मसात झाला, पण गिल यांच्या प्रती त्यापूर्वीच सत्तर वर्षे नाहीशा झाल्या होत्या. या तिन्ही आगी घाईच्या लेखणीतून सहज एक होतात. मग गिल यांची हानी ग्रिफिथ्स यांच्या खात्यावर पडते, आणि पेस्तनजी बोमनजी यांच्यासारख्या ज्या एतद्देशीय विद्यार्थ्यांनी अंधाऱ्या लेण्यांत वर्षानुवर्षे हात चालविला, ते तर नोंदीतून अजिबात गळतात. मला ही दुसरी चूक पहिलीहून अधिक बोचते. मूळ चित्रे दिवसेंदिवस पुसट होत आहेत. त्यांच्यासमोर बसून ज्यांनी ती प्रथम उतरविली त्यांचा हिशेब तरी नीट असावा. मिसेस स्पीअर यांच्या १८५६ च्या ग्रंथात गिल यांच्या काही प्रतींवरून केलेले ठसे छापलेले आहेत. असा दुवा नोंदीत घालणे दहा विशेषणांहून मोलाचे.

आता पारो. अजिंठे गावी गिल यांनी तिच्या स्मरणार्थ बसविलेला दगड आहे. त्यावर २३ मे १८५६ हा तिच्या मृत्यूचा दिवस आहे. पारो नावाची स्त्री होती, ती त्यांना प्रिय होती, ती त्या दिवशी वारली, एवढे हा दगड सांगतो. ती कोणत्या जमातीची, दोघांची भेट कशी झाली, तिने रंग वाटून दिले की काय, याविषयी तो मुका आहे. ना. धों. महानोर यांचे ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य आणि २०१२ साली आलेला त्याच नावाचा चित्रपट यांनी ही कथा घरोघरी पोहोचविली. कवीला तो अधिकार आहे. ‘महानोरांच्या काव्यात पारोचे असे चित्रण आहे’ हे वाक्य नोंदीत अवश्य असावे; मात्र काव्यातील प्रसंग गिल यांच्या चरित्रात घडलेला म्हणून लिहू नये. तिचा मृत्यू प्लेगने झाला असेही सांगतात. मुंबई इलाख्यास ज्या प्लेगने हादरविले तो १८९६ चा. चाळीस वर्षे आधीच्या मृत्यूस त्याचे नाव जोडणाऱ्याकडे आधार मागावाच लागेल.

आधार मागताना एक सावधगिरी हवी. पुष्कळदा वर्तमानपत्रातील लेखक विकिपीडियावरून मजकूर उचलतो, आणि वर्षभराने तोच लेख विकिपीडियावर आधार म्हणून अवतरतो. सावकाराने स्वतःच स्वतःस जामीन राहावे, तसा हा प्रकार! म्हणून तारखा लावून पाहाव्या. वाक्य नोंदीत प्रथम केव्हा आले हे इतिहासपान सांगते. लेख त्यानंतरचा असेल तर तो आधार बाद.

आणखी एक दंतकथा अशी की, चित्रे जळाली आणि त्या धक्क्याने गिल गेले. आग १८६६ ची. गिल यांचा मृत्यू १८७९ चा. मध्ये तेरा वर्षे जातात. शिवाय आगीपूर्वीच त्यांनी छायाचित्रणाची कला हस्तगत केली होती, आणि त्यांची लेण्यांची छायाचित्रे फर्ग्युसन यांच्या मजकुरासह १८६४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली होती. नोंदीत हा भाग बहुधा एका ओळीत उरकतात. तो वाढविण्याजोगा आहे. अखेरीस आजारी अवस्थेत भुसावळकडे जाताना वाटेत त्यांचे निधन झाले व भुसावळ येथेच त्यांचे दफन झाले. अजिंठ्याचा दगड आणि भुसावळची कबर, दोन्ही आपल्यापासून एका दिवसाच्या प्रवासात आहेत. श्रोत्यांपैकी कोणी तिकडे गेल्यास त्यांवरील अक्षरे जशीच्या तशी उतरवून घ्यावी, छायाचित्र काढावे आणि ते दिनांकासह चर्चापानावर ठेवावे.