नामांतर आंदोलन आणि कायद्याविषयीच्या डाव्या भूमिका
औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्यासाठी झालेल्या आंदोलनात पोलीस व कायद्याविषयीचा डाव्या चळवळीतील जुना मतभेद कसोटीला लागला. दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने सत्तायंत्रणा सरंजामी हितसंबंधांची मानून किरकोळ सवलतींऐवजी समग्र क्रांतीची मागणी केली होती. युवक क्रांती दलासारख्या समाजवादी संघटनांचा भर सत्याग्रहावर होता.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव संमत करताच मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. पोलीस संरक्षण अपुरे ठरले आणि ठरावाची अंमलबजावणी रखडली. त्यामुळे कायदा संमत करून घेणे पुरेसे आहे का, हा प्रश्न पुढे आला. १९७९ च्या लाँग मार्चनंतरही लढा सुरूच राहिला; १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला.