विस्थापनाचा भूगोल : सुपा, जोयडा आणि परतीचा प्रश्न

माणूस उपजीविकेसाठी स्वेच्छेने गाव सोडतो, तेव्हा ते स्थलांतर ठरते. युद्ध, छळ, धरण वा अन्य प्रकल्पामुळे त्याला गाव सोडणे भाग पडते, तेव्हा त्यास सक्तीचे स्थलांतर किंवा विस्थापन म्हणतात. छळाच्या भीतीने देशाची सीमा ओलांडणाऱ्या निर्वासिताला १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराचे संरक्षण आहे. देशातच विस्थापित झालेल्यांसाठी मात्र संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ती बंधनकारक नाहीत. गोव्याच्या सीमेला लागून असलेला उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका हा या दुसऱ्या प्रकारच्या विस्थापनाच्या अभ्यासाचा महत्त्वाचा प्रदेश आहे.

अभ्यासाची चौकट

निर्वासितांच्या प्रश्नावर तीन कायमस्वरूपी उपाय मानले जातात : स्वेच्छेने मायदेशी परतणे, आश्रय दिलेल्या देशात सामावणे आणि तिसऱ्या देशात वसणे. परतणाऱ्याला जमीन, शेजार आणि उपजीविका पूर्ववत मिळते काय, हा भूगोलाच्या अभ्यासकांपुढील प्रश्न असतो. धरणग्रस्तांच्या बाबतीत परतण्याचे स्थळच उरत नाही. समाजशास्त्रज्ञ मायकेल सर्निया यांनी अशा विस्थापनातील आठ धोके मांडले : भूमिहीनता, बेरोजगारी, बेघर होणे, समाजात दुय्यम ठरणे, अन्नाची असुरक्षितता, आजार व मृत्यूचे वाढते प्रमाण, सामायिक संसाधने गमावणे आणि सामाजिक वीण उसवणे. नुकसानभरपाईची रक्कम यांपैकी मोजक्याच धोक्यांना उत्तर देते.

सुपा ते रामनगर

जोयडा तालुक्यातच उगम पावणारी काळी नदी कारवारजवळ अरबी समुद्रास मिळते. गणेशगुडी येथे या नदीवर सुमारे १०१ मीटर उंचीचे सुपा धरण उभे आहे. त्याची साठवणक्षमता सुमारे १४७ टीएमसी असून पायथ्याच्या वीजगृहाची क्षमता १०० मेगावॅट आहे. येथून सोडलेले पाणी खालच्या नागझरी वीजगृहालाही उपयोगी पडते. १९८० च्या दशकात हे धरण पूर्ण झाले आणि काळी व पांढरी नद्यांच्या संगमाजवळचे सुपा गाव पाण्याखाली गेले. पूर्वी तालुक्याचे नावही सुपाच होते. पुढे जोयडा हे मुख्यालय झाले. विस्थापितांची मोठी वसाहत बेळगाव–अनमोड–गोवा मार्गावरील रामनगर येथे वसली. नदीकाठची भातशेती आणि भोवतालचे जंगल यांवर चालणारे जीवन महामार्गालगतच्या वसाहतीत नव्याने मांडावे लागले.

पाण्यानंतर वाघ

दांडेली अभयारण्य १९५६ मध्ये, तर अणशी राष्ट्रीय उद्यान १९८७ मध्ये घोषित झाले. २००७ मध्ये हे क्षेत्र व्याघ्र प्रकल्पात आले आणि २०१५ मध्ये त्यास काळी व्याघ्र प्रकल्प हे नाव मिळाले. व्याघ्र क्षेत्रातून बाहेर पडणाऱ्या कुटुंबांसाठीची केंद्रीय मदत २०२१ मध्ये १० लाख रुपयांवरून १५ लाख झाली. कायद्यानुसार हे स्थलांतर ऐच्छिक असावे लागते आणि ग्रामसभेची संमती आवश्यक असते. तथापि, रस्ता, शाळा वा दवाखाना नसलेल्या वाडीने दिलेली संमती कितपत स्वेच्छेची मानावी, हा प्रश्न अभ्यासकांना विचारावाच लागतो.

सीमा आणि पुरावा

येथील कुणबी समाज पोर्तुगीज काळात गोव्यातून घाट चढून आला, अशी परंपरा सांगितली जाते. भातशेती आणि कंदमुळांची लागवड ही त्याची ओळख. गोव्यात कुणबी, गावडा व वेळीप समाजांचा २००३ मध्ये अनुसूचित जमातींत समावेश झाला; जोयड्यातील कुणबी तीच मागणी दीर्घकाळ करीत आहेत. हा भेद केवळ आरक्षणापुरता नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. इतर पारंपरिक वननिवासींना मात्र त्या दिनांकापूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. ज्यांचे मूळ गावच जलाशयात गेले, त्यांच्यासाठी असा पुरावा जुळवणे अधिक कठीण ठरते.

गोव्यातील तुलना

सांगे तालुक्यातील कुर्डी हे गाव साळावली धरणाच्या जलाशयात गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर तेथील श्री सोमेश्वर मंदिर उघडे पडते आणि वाडे, वालकिणी येथे पुनर्वसित झालेले ग्रामस्थ उत्सवासाठी तेथे जमतात. हे परतणे काही दिवसांचेच असते. तरीही विस्थापितांचे मूळ गावाशी असलेले नाते पुढच्या पिढीपर्यंत टिकते, याचा तो पुरावा आहे.

म्हणूनच पुनर्वसनाचे मूल्यमापन भरपाई वाटपाच्या वर्षी संपत नाही. दुसऱ्या पिढीच्या नावे जमीन आहे काय, जंगलावरील हक्क शाबूत आहेत काय आणि एकदा उठलेल्या कुटुंबावर पुन्हा उठण्याची वेळ आली काय, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय जोयड्यातील विस्थापनाचा हिशेब पूर्ण होत नाही.