करिंथची पंगत

लेखायोन बंदरात दिवसभर तेलाचे रांजण गलबतावर चढवून तुमचे खांदे सोलवटलेत. इसवी सन ५५च्या आसपासचं साल आहे, वार रविवार. पण रविवारची सुटी सम्राट कॉन्स्टंटाईन देणार ती ३२१ साली, आणि तुम्ही आत्ता गुलाम आहात. दिवस मावळल्यावर सुटका होते, मग शहरापर्यंतची चढण. समोर अक्रोकरिंथचा डोंगर. हे करिंथ रोमनांनी इसवी सनापूर्वी १४६ मध्ये धुळीला मिळवलं होतं. शंभर वर्षांनी ज्यूलियस सीझरने ते पुन्हा वसवलं, तेही बरेचसे मुक्त झालेले गुलाम आणून. त्यामुळे इथे पिढीजात घराणी फारशी नाहीत. कालपरवा वर आलेली माणसं आहेत, आणि आपण वर आलो हे चारचौघांत दाखवण्याची त्यांना भारी हौस.

ख्रिस्ती मंडळी जमते ती कुणाच्या तरी घरातच, बहुधा गायस नावाच्या सभासदाच्या. चर्चची इमारत ही गोष्ट अजून कुणाच्या डोक्यातही नाही. आतल्या भोजनघरात नऊ-दहा जण रेलून बसलेत. त्यांची जेवणं उरकलीत, एकाला द्राक्षारस चांगलाच चढलाय. तुमच्या वाट्याला बाहेरचा चौक आणि टोपलीतले उरलेसुरले तुकडे. तुम्हाला कुणी मुद्दाम उपाशी ठेवलेलं नाही. तोलामोलाच्या पाहुण्यांना आधी आणि चांगलं वाढायचं, ही इथली रीतच. पंक्तिप्रपंच आपल्याला ओळखीचा आहे, समजावून सांगायला नको. फक्त ही पंगत प्रभुभोजनाची आहे.

आज इफिसहून प्रेषित पौलाचं पत्र आलंय. हा माणूस दीड वर्ष इथे राहिला होता. सम्राट क्लौद्याच्या हुकुमाने रोम सोडावं लागलेल्या अक्विल्ला आणि प्रिस्किल्लाबरोबर तो तंबू शिवायचा. इथल्या भांडणांची खबर ख्लोवे नावाच्या बाईच्या माणसांनी त्याला पोचवली. पत्र मोठ्याने वाचलं जातं. चौकातल्या बहुतेकांना वाचता येत नाही, तुम्हालाही नाही. शिकवण म्हणजे कानावर पडेल तेवढी.

मजकूर लांबलचक आहे. आपसातल्या तंट्यांसाठी न्यायालयाची पायरी चढू नका. मग मांसाचा प्रश्न. इथल्या बाजारातलं काही मांस देवळातल्या बळीचं असतं. आरोग्यदेव अस्क्लेपियोसच्या मंदिराला तर जेवणाची दालनंच आहेत. पौल म्हणतो, बाजारात मिळेल ते विकत घ्या, चौकशा करत बसू नका, पण शेजारी बसलेल्याच्या मनाला टोचत असेल तर हात आवरा. तुम्ही बरोबर आहात की नाही, याला इथे दुय्यम जागा आहे. हे ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की कळतं.

आणि मग पंगतीचा विषय निघतो. एक भुकेला राहतो, दुसरा पिऊन झिंगतो, याला प्रभुभोजन म्हणायला पौल साफ नकार देतो. उपाय किती साधा! एकमेकांची वाट पाहा, आणि भूक आवरत नसेल तर घरून खाऊन या. उपासना खरी की खोटी, हे चौकातल्या गुलामाच्या ताटावरून ठरवणारा नियम आहे हा. आतला तो झिंगलेला इसम सावरून बसतो.

पुढे अन्य भाषांत बोलणाऱ्यांची कानउघाडणी चालू असताना, मधेच, पौल प्रीतीवर येतो. हा या पत्राचा तेरावा अध्याय, हे तुम्हाला कळायचं कारण नाही. अध्याय पाडले जायला अजून साडेअकराशे वर्षं आहेत. आज लग्नात तो भाग गोड आवाजात वाचतात. या चौकात तो गोड लागत नाही. हेवा, बढाई, फुगणं, दुसऱ्याच्या चुका मनात धरणं, प्रीती काय करत नाही याची ती यादी म्हणजे या घरातल्या मंडळींचंच वर्तन. कोण कुणाकडे चोरून बघतोय, तेवढं बघा.

एक बोच राहतेच. गुलामांबद्दल पौल सांगतो ते इतकंच, की गुलामीची खंत करू नका. स्वतंत्र होण्याची संधी आली तर घ्या, असंही त्याचं म्हणणं दिसतं, पण त्या ओळीच्या अर्थावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. तुमचा मालक मालकच राहतो. पहाटे तुम्हाला पुन्हा बंदर गाठायचंय. पंगतीचा नियम गोदीपर्यंत पोचवण्याचं काम पौलाने केलं नाही.

शेवटी पैशांचं. यरुशलेमच्या गरिबांसाठी प्रत्येकाने दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे काहीतरी बाजूला ठेवायचं. तुमच्यापाशी एखादं तांब्याचं नाणं असेल तर तेही चालेल.

पुढच्या रविवारी तुमच्यासाठी कुणी थांबलं का? घाई करू नका. वर्षभराने पौलाला त्या वर्गणीसाठी पुन्हा आठवण करून द्यावी लागणार आहे. आणि पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीकडून करिंथला आणखी एक पत्र येईल, कारण इथे पुन्हा भांडण पेटलेलं असेल. त्यात करिंथकरांना सांगितलं जाईल की पौलाचं ते जुनं पत्र जरा परत काढून वाचा.