चित्रकलेचा तास कुणाचा? बहुविध प्रशाला ते ‘अर्धवेळ निदेशक’

आपल्या चळवळीचा इतिहास आपण भाषणांतून, ग्रंथांतून, कवितेतून आणि जलशांतून सांगत आलो. पण या इतिहासाचा एक मोठा भाग रंगात लिहिला गेला आहे. वस्तीच्या कमानीवरचे धम्मचक्र, समाजमंदिराच्या भिंतीवरचे बाबासाहेब, मोर्चाचे कापडी फलक, जयंतीचे देखावे आणि नामांतराच्या घोषणांनी भरलेल्या भिंती हा तो भाग. हे ज्यांनी रंगवले त्यांची नावे कोणत्याही गौरवग्रंथात नाहीत. त्यातल्या अनेकांनी ब्रश पहिल्यांदा हातात धरला तो हायस्कूलमधल्या चित्रकलेच्या तासाला.

म्हणून कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गावात चित्रकलेचा तास होतो की नाही, हा प्रश्न हौसेमौजेचा नाही. आपली प्रतिमा आपण घडवायची की दुसऱ्याने घडवलेली विकत आणायची, असा तो प्रश्न आहे. हा तास धोरणाने आला, धोरणानेच आकसला आणि आज धोरणानेच संपत चालला आहे. तो इतिहास आपल्या तरुणांना माहीत असला पाहिजे.

अजिंठा आपला, शिडी मुंबईची

महाराष्ट्रातल्या सरकारी कलाशिक्षणाची सुरुवात 1857 साली मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टपासून झाली. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून ही संस्था उभी राहिली. तिथे 1879 मध्ये चित्रकला हा विषय म्हणून शिकवणे सुरू झाले आणि 1893 मध्ये चित्रकला शिक्षक तयार करण्याचा वर्ग निघाला. म्हणजे मुंबई इलाख्यात एक शिडी तयार झाली. शाळेत चित्रकला शिकायची, परीक्षा द्यायची, मुंबईला जायचे आणि शिक्षक होऊन परत शाळेत यायचे. या शिडीच्या खालच्या पायरीपर्यंत पोचायला आधी शाळेच्या दारातून आत जावे लागत होते आणि ते दार आपल्या लोकांसाठी किती उघडे होते, हे वेगळे सांगायला नको.

आपला मराठवाडा तर त्या शिडीच्या बाहेरच होता. कळमनुरी, हिंगोली हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या परभणी जिल्ह्यात होता. हायस्कूल म्हणजे मोठ्या गावाची गोष्ट आणि शिक्षणाची भाषा उर्दू. आता यातला विरोधाभास बघा. 1872 ते 1885 या काळात जे. जे.चे प्राचार्य जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत होते आणि लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करून नेत होते. अजिंठा निजामाच्याच राज्यात. म्हणजे मुंबईची मुले इथे येऊन बुद्ध, बोधिसत्त्व आणि जातककथा रेषेत उतरवायला शिकत होती, आणि ज्या मातीत ती चित्रे जन्मली त्या मातीतल्या अस्पृश्यांच्या मुलाला पाटीवर अक्षर गिरवण्याचीही सोय नव्हती.

कला आपल्या मातीत नव्हती असे नाही. औंढा नागनाथच्या मंदिराच्या भिंतीवरचा प्रत्येक दगड कुणाच्या तरी हाताने कोरला आहे. ते हात कष्टकरी कारागिरांचे होते. पण जातिव्यवस्थेने हाताच्या कामाला ‘धंदा’ म्हटले आणि डोक्याच्या कामाला ‘विद्या’. कारागीर निनावी राहिला आणि बांधून घेणाऱ्याचे नाव राहिले. चित्रकला शाळेत आली तेव्हा पहिल्यांदा असे झाले की हाताच्या कामाला प्रमाणपत्र मिळाले, त्यावर नाव आले आणि ते जन्मावर नाही तर परीक्षेवर ठरले. या बदलाचे मोल आपण ओळखले पाहिजे.

सातव्या शाखेचे वचन

17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान भारतात आले. त्यानंतर दोनच वर्षांत, 1950 मध्ये, बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे मिलिंद. मराठवाडा शिक्षणात मागे होता, म्हणूनच बाबासाहेबांनी तो निवडला. नागसेनवनात केवळ पुस्तकी शिक्षण नव्हते. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी लिहिलेले ‘युगयात्रा’ हे नाटक 1955 मध्ये मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांसमोर केले आणि 1956 च्या दीक्षा सोहळ्याच्या वेळी ते नागपुरातही झाले. कला ही स्नेहसंमेलनापुरती सजावट नाही, तो इतिहास सांगण्याचा मार्ग आहे, हे या संस्थेने सुरुवातीलाच दाखवून दिले.

त्याच काळात देशाच्या पातळीवर एक महत्त्वाचा अहवाल आला. मुदलियार आयोगाने (1952-53) माध्यमिक शिक्षणासाठी ‘मल्टिपर्पज’ म्हणजे बहुविध शाळांची शिफारस केली. या शाळांत सात शाखा असाव्यात असे म्हटले होते : मानव्यविद्या, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, गृहविज्ञान आणि ललित कला. नीट लक्षात घ्या, ललित कला ही विज्ञानाच्या बरोबरीची शाखा होती. औरंगाबादच्या मिलिंद मल्टिपर्पज हायस्कूलच्या नावात हा शब्द आहे आणि हिंगोलीच्या जिल्हा परिषद बहुविध प्रशालेच्या नावातही आहे. रोज त्या पाटीखालून जाणाऱ्या किती जणांना माहीत आहे की ‘बहुविध’ या शब्दात चित्रकलेचेही वचन होते?

1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या. मराठवाड्याचे एक वेगळेपण असे की इथे जिल्हा परिषदा प्राथमिक शाळांबरोबर हायस्कूलही चालवतात, त्यांनाच आपण ‘प्रशाला’ म्हणतो. जिथे खासगी संस्थांचे मालक ठरावीक जातींचे होते, तिथे गरिबाच्या, दलिताच्या, भटक्या-विमुक्ताच्या आणि मुसलमानाच्या मुलासाठी ही सरकारी प्रशाला हाच आधार होता. तिथला चित्रकला शिक्षक हा त्या गावातला एकमेव असा माणूस होता, ज्याला सरकार रेषा शिकवण्याचा पगार देत होते.

पण बहुविध शाळेची योजना टिकली नाही. कोठारी आयोगाने (1964-66) दहावीपर्यंत सर्वांना सारखेच शिक्षण देण्याची शिफारस केली. पुढे महाराष्ट्रात दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला आणि 1975 मध्ये त्याची पहिली दहावीची परीक्षा झाली. समान अभ्यासक्रमाचे तत्त्व योग्यच होते, पण व्यवहारात कला ही शाखा न राहता आठवड्याचे एक-दोन तास उरले. त्या तासाला बळ दिले ते शासकीय रेखाकला परीक्षांनी, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटने. 1965 मध्ये राज्याचे स्वतंत्र कला संचालनालय झाले आणि आजही या परीक्षा तेच घेते. गावातल्या मुलासाठी हा कलेचा खरा अभ्यासक्रम ठरला. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन.

त्या तासाचे माजी विद्यार्थी

‘माजी विद्यार्थी’ म्हटले की आपण कलेक्टर, डॉक्टर, प्राध्यापक शोधतो. चित्रकलेच्या तासाचे माजी विद्यार्थी शोधायचे असतील तर नजर बदलावी लागेल.

पहिला माजी विद्यार्थी म्हणजे गावातला पेंटर. अक्षरलेखनाच्या पेपराने त्याला पोट दिले. दुकानाची पाटी, एसटीचा फलक, ट्रकवरचे नाव, निवडणुकीची भिंत. आणि तोच पेंटर एप्रिल आला की विहारात बसून बाबासाहेबांचे चित्र करायचा, बहुतेक वेळा बिनपैशाने. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे शहीद झाले. तेव्हापासून 14 जानेवारी 1994 च्या नामविस्तारापर्यंत जवळपास सोळा वर्षे हा लढा भिंतींवरही लढला गेला. ती अक्षरे लांबून वाचता येतील अशी सरळ आणि ठसठशीत काढायला हात तयार असावा लागतो. तो हात शाळेने तयार केला होता. फ्लेक्स आले आणि या माणसांचा धंदा गेला. आपणही जयंतीला फ्लेक्स लावू लागलो आणि आपल्याच पेंटरला विसरलो.

दुसरा माजी विद्यार्थी म्हणजे चित्रकला शिक्षक. कला शिक्षक पदविका म्हणजे एटीडी करून अनेक गरीब घरांतली मुले नोकरीला लागली. एक शिक्षक लागला की त्याच्या हाताखालून वीस-तीस वर्षांच्या तुकड्या जातात. ही साखळी होती.

तिसरा माजी विद्यार्थी मोठ्या नावाचा. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरला 1925 मध्ये गरीब सुतार कुटुंबात जन्मलेले राम सुतार यांना त्यांचे कलागुरू श्रीराम कृष्ण जोशी यांनी जे. जे.ची वाट दाखवली. पुढे वेरूळ-अजिंठ्याच्या शिल्पांच्या डागडुजीचे काम त्यांनी केले आणि देशातले सर्वांत नावाजलेले पुतळे घडवले. नागपूरचे सवी सावरकर कलेचे रीतसर शिक्षण घेऊन बडोद्यापर्यंत गेले आणि अस्पृश्याच्या गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू, देवदासीचे शरीर हे विषय त्यांनी भारतीय चित्रकलेत कुणाची परवानगी न घेता आणले. आज प्रभाकर कांबळे, विक्रांत भिसे यांच्यासारखे कलावंत आंबेडकरी जाणीव कलादालनांत मांडत आहेत.

याच्या उलट उदाहरण कृष्णाजी हौळाजी आरा यांचे. त्यांचा जन्म 1914 मध्ये आपल्याच हैदराबाद संस्थानातल्या बोलारमचा, दलित कुटुंबातला. लहानपणीच मुंबईला आले, घरकाम केले, गाड्या धुतल्या आणि स्वतःच शिकून 1947 च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुपचे संस्थापक सदस्य झाले. ‘ज्याच्यात गुण आहेत तो शाळेशिवायही मोठा होतो’ असे सांगायला लोक हे उदाहरण वापरतील. मी ते उलट वाचतो. आरा मोठे झाले ते व्यवस्था असल्यामुळे नाही, ती नसतानाही. त्यांच्याबरोबर गाड्या धुणाऱ्या किती मुलांच्या बोटांत रेषा होती, याची नोंद कुणाकडे आहे? अपवाद दाखवून व्यवस्थेला माफ करायचे नसते.

‘आधी पोटाचे बघा’

आपल्यातलेच कार्यकर्ते म्हणतील, शिष्यवृत्ती मिळत नाही, वसतिगृहे बंद पडत आहेत, अत्याचार थांबत नाहीत आणि तुम्ही चित्रकलेचे काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. पण उत्तरही साधे आहे. वर्चस्व फक्त जमीन आणि नोकरीतून चालत नाही, ते डोळ्यांतूनही चालते. समाजशास्त्रात पिअर बोर्द्यू यांनी ‘सांस्कृतिक भांडवल’ ही कल्पना मांडली. चांगले काय, सुंदर काय, हे ठरवण्याची ताकद घरातून वारशाने मिळते आणि शाळा तिला ‘गुणवत्ता’ म्हणते. ज्या घरात हा वारसा नाही तिथल्या मुलाला तो फक्त शाळाच देऊ शकते. शाळेने हात काढला की चित्रकला पुन्हा पैसेवाल्यांच्या क्लासची मालमत्ता होते.

आणि पोटाचा संबंध तर थेट आहे. राज्यात कलेच्या पदवीसाठी सीईटी आहे. तिचे पेपर आहेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान. म्हणजे हायस्कूलच्या रेखाकला परीक्षेत जे शिकवले जाते तेच. ज्या प्रशालेत चित्रकला शिक्षक नाही, तिथल्या मुलासाठी जाहिरात, ॲनिमेशन, डिझाइन या सगळ्या क्षेत्रांचे दार दहावीतच बंद होते. जागा आरक्षित असते, पण तिथवर पोचणारा विद्यार्थीच तयार होत नाही.

आज काय चालले आहे?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी शंभरपेक्षा जास्त मुले असतील तर कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी ‘अर्धवेळ निदेशक’ असावेत असे म्हटले आहे. शब्द बघा : शिक्षक नव्हे, निदेशक, तोही अर्धवेळ. आणि शंभर मुले नसतील तर तेवढेही नाही. महाराष्ट्रात 2015 च्या संचमान्यतेच्या नव्या निकषांनंतर कलाशिक्षकांच्या स्वतंत्र पदांवर गदा आली, अशी तक्रार शिक्षक करत आले आहेत. लहान गाव, लहान शाळा, गरीब मुले यांचाच शिक्षक आधी जातो.

दुसरीकडे इंटरमिजिएटला दहावीत वाढीव गुण मिळतात : ए श्रेणीला 7, बी ला 5 आणि सी ला 3. शिक्षक असलेल्या शाळेतली आणि शहरी क्लासमधली मुले हे गुण घेतात, शिक्षक नसलेल्या प्रशालेतली मुले त्याच यादीत मागे पडतात. आणि 2020 चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते की कला आणि विज्ञान यांत भिंत नसावी. हे तर मुदलियार आयोगाने 1953 मध्येच सांगितले होते! सत्तर वर्षांनी तेच वचन पुन्हा छापले, फक्त मधल्या काळात ते पाळणारा शिक्षक काढून घेतला.

आपण काय करायचे?

तक्रार करून थांबणे ही आपली परंपरा नाही. चार कामे कुठल्याही तालुक्यात आजपासून करता येतील.

एक, माहिती अधिकारात आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक हायस्कूलची संचमान्यता मागवा. कलाशिक्षकाचे पद मंजूर आहे का, भरले आहे का, गेल्या पाच वर्षांत किती मुले रेखाकला परीक्षेला बसली, हे लेखी घ्या आणि ते घेऊन जिल्हा परिषदेत जा.

दोन, जयंती मंडळाच्या वर्गणीतला एक भाग रंग, कागद आणि परीक्षा शुल्कासाठी बाजूला काढा. एका डीजेच्या भाड्यात किती मुले परीक्षेला बसतील, याचा हिशेब मंडळाच्या बैठकीत मांडा.

तीन, रविवारी विहारात वंदना झाल्यावर दोन तास चित्रकलेचा वर्ग घ्या. शिकवायला आपल्याच गावातला तो पेंटर बोलवा आणि त्याला मानधन द्या.

चार, त्या पेंटरची मुलाखत घ्या. त्याने कोणत्या वर्षी कोणती भिंत रंगवली, कुणी अडवले, कुणी रंग दिला, हे लिहून ठेवा. भिंती पडतील, माणसेही जातील. नामांतराच्या लढ्याची ही बाजू आपण लिहिली नाही तर कोणी लिहिणार नाही.

संसदेच्या आवारातला बाबासाहेबांचा पुतळा 1967 मध्ये उभा राहिला, तो शिल्पकार बी. व्ही. वाघ यांनी घडवला. बोट उंचावलेले, हाती संविधान घेतलेले बाबासाहेब आज गावोगाव आहेत. ही प्रतिमा आभाळातून पडली नाही, कलावंताच्या हाताने घडवली. पुढच्या पिढीच्या प्रतिमा कोण घडवणार, हे प्रशालेतल्या त्या एका तासावर ठरणार आहे. तो तास मागून घ्या.

जय भीम! नमो बुद्धाय!