जोडबांबूची गळकाठी

बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या जोडून बनवलेली मासेमारीची षट्कोनी काठी. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात सॅम्युएल फिलिपी याने १८४० च्या दशकात अशा जोडकाठ्या घडवल्या. पुढे हायरम लेनर्ड याने सहा पट्ट्यांची रचना रूढ केली. आरंभी भारतातून जाणारा ‘कलकत्ता’ बांबू वापरत. नंतर दक्षिण चीनमधील टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. १९५० मध्ये अमेरिकेचा चीनशी व्यापार थांबला, फायबरग्लासही आले आणि बांबूकाठ्यांचे कारखाने ओसरले. कला टिकली ती बरीचशी घरच्या हौशी कारागिरांमुळे. एव्हरेट गॅरिसन याच्या पद्धतीवरील १९७७ चा ग्रंथ त्यांचा मोठा आधार ठरला.

खरे कसब रंध्याचे. बांबू चिरून, पेरांवरच्या गाठी उष्णतेने सरळ करून पट्ट्या भाजतात आणि पोलादी साच्याच्या खाचेत ठेवून ६० अंशांच्या कोनात तासतात. सालीलगतचे तंतू सर्वांत चिवट असल्याने तासकाम आतल्या बाजूनेच करायचे. बाहेरची चकाकी फक्त खरवडतात. बुडापासून टोकापर्यंत जाडी कशी उतरते, यावर काठीचा लवचीकपणा ठरतो. त्यामुळे मापातला केसभर फरकही फेक बदलतो. घरी बनवण्याचे मोलही यातच आहे: आपल्या हाताला आणि नदीला साजेसा उतार आपणच ठरवता येतो. पट्ट्या एकमेकींना चिकटवल्यावर गळाची दोरी ओवायच्या कड्या रेशमी दोऱ्याने बांधतात, बुचाची मूठ बसवतात, व्हार्निश चढवतात.